पाचट पेटवण्याआधी

संपादक महोदय,

गळीत हंगाम सुरू झाला की निपाणी, चिक्कोडी, रायबाग, अथणी पट्ट्यात उसाच्या फडाफडांतून धूर निघू लागतो. हेक्टरी साधारण ८ ते १० टन पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पडते. ते पेटवले की त्यातला नत्र आणि कर्ब हवेत जातो, वरच्या थरातले जीवजंतू होरपळतात. उंदीर खाणारी धामणही त्यात सापडते आणि मग उंदीर माजतात. रानाचे हे हक्काचे खत आहे, ते जाळताना वाईट वाटते.

पाचट दोन ओळींमधल्या सरीतच कुजवता येते. तोडणी होताच बुडख्यांवरचे (जमिनीत राहिलेल्या बुंध्यांवरचे) पाचट ओढून सरीत दाबावे आणि बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावेत. टनभर पाचटामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि शेणखतात मिसळलेले १ किलो कुजवणारे जिवाणू संवर्धक पसरून लगेच पाणी द्यावे. युरिया टाळला तर जिवाणू जमिनीतला नत्र ओढतात आणि खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटणारे पुढचे पीक, पिवळा पडतो. ‘पाचटाने ऊस बिघडला’ ही तक्रार बहुधा इथूनच येते. बुडखे झाकलेले राहिले तर फुटवे विरळ येतात. दूधगंगा, वेदगंगेकाठच्या चिबड, म्हणजे पाणी साचणाऱ्या, रानात मात्र आधी चर काढून पाण्याचा निचरा करावा. हवा मिळाली नाही तर पाचट नुसते सडते.

तोडणीची चिठ्ठी देतानाच कारखान्यांनी संवर्धकाची पिशवीही शेतकऱ्याच्या हाती द्यावी, ही विनंती.

– एक ऊस उत्पादक, निपाणी