देवळासाठी गा, दवाखान्यासाठी नको?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, स्टोअरला आहे आणि पेटी वाजवतो. वर्धापनदिनाला आमच्याकडे कामगारांचाच गाण्याबजावण्याचा कार्यक्रम असतो. मोल्डिंगमधला एक जण ढोलकीला बसतो, फेटलिंगमधले (ओतीव भाग घासून साफ करणारे) दोघे भजनात मुरलेले, क्वालिटीतल्या एक बाई नाट्यसंगीत रीतसर शिकलेल्या. यंदा हा कार्यक्रम डायलिसिसच्या रुग्णांना मदत करणाऱ्या एका ट्रस्टसाठी करायचं ठरलं. तिकीट शंभर रुपये, घरच्यांना घेऊन यायचं, जमेल ती सगळी रक्कम ट्रस्टला. आमच्या एका क्रेन ऑपरेटरच्या घरातच डायलिसिसच्या फेऱ्या चालू आहेत, त्यामुळे कुणाला काही पटवून सांगावं लागलं नाही.

तिकिटं छापायला द्यायच्या आधी एचआरच्या साहेबांनी विचारलं, "गाण्यांचं लायसन्स काढलंय का?"

कँटीनच्या शेडमध्ये आपलीच माणसं आपल्या माणसांसमोर गाणार, पैसा दवाखान्याला जाणार, आणि लायसन्स? पण साहेबांचा प्रश्न रास्त होता. कॉपीराइट कायदा १९५७ चा. कुठल्या वापराला परवानगी लागत नाही, याची भली मोठी यादी त्याच्या कलम ५२ मध्ये आहे. हौशी मंडळींनी सादर केलेल्या गाण्याला आणि नाटकाला त्यात सूट आहे, पण दोनच प्रसंगी. एक तर ऐकणाऱ्यांकडून पैसे घेतलेले नसावेत, नाहीतर कार्यक्रम एखाद्या धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी असावा. रुग्णालय, अनाथाश्रम, अंधशाळा यांचं त्यात नावही नाही. म्हणजे देवळाच्या जीर्णोद्धारासाठी शंभराचं तिकीट लावून आम्ही गायलो तर हरकत नाही. त्याच शंभरातून कुणाचा डायलिसिसचा खर्च निघणार असेल, तर मात्र आधी परवाना काढा, फी भरा. मी माळकरी घरातला आहे, देवळाला सवलत मिळते याचं मला काही वाईट वाटत नाही. दवाखान्याला का नाही, एवढंच विचारतो.

गीतकार-संगीतकारांच्या पोटावर पाय आणायचा माझा विचार नाही. त्यांना या देशात वर्षानुवर्षं नागवलं गेलं. त्यांच्यासाठी रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे, तरी रॉयल्टीतला त्यांचा वाटा कायद्यानं पक्का व्हायला २०१२ ची दुरुस्ती यावी लागली. हॉटेलवाल्यांनी, ऑर्केस्ट्रावाल्यांनी, इव्हेंटवाल्यांनी पैसे मोजलेच पाहिजेत. पण पाळी संपवून, हात धुऊन मोफत गाणाऱ्या मोल्डरला त्यांच्या रांगेत का उभं करायचं? जीएसटीनं हा फरक थोडाफार ओळखला आहे. गाण्याच्या कार्यक्रमाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर कर नाही. कर खात्याला जी दया आली, ती कॉपीराइट कायद्याला यायला काय हरकत आहे?

मग आम्ही वाटा शोधल्या. कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याची रचना सगळ्यांना खुली होते. क्वालिटीतल्या बाईंनी लगेच 'मानापमान' पुढे केलं. पदं खाडिलकरांची, ते १९४८ ला गेले. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ते १९५५ ला. दोन्ही हक्क संपलेले. टेंबे आमच्या कोल्हापूरचे आणि नावाजलेले पेटीवाले, त्यामुळे माझी तर चैनच झाली. याच नाटकाचा संयुक्त प्रयोग ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी केला होता, आणि तो तिकीट लावूनच. तो पैसा काही देवळाला जायचा नव्हता. केशवरावही कोल्हापूरचेच, हे तुमच्या वाचकांना सांगायला नको.

पण सगळा कार्यक्रम नाट्यपदांवर कसा निघणार? तरुण पोरांना सिनेमातलीच गाणी हवीत. अभंगांचंही सरळ नाही. तुकोबांचे शब्द खुले, पण रेडिओवरून घराघरांत पोचलेली चाल विसाव्या शतकातल्या संगीतकाराची असली, तर ती खुली नाही. फेटलिंगवाले म्हणाले, "आम्ही आमच्या गावच्या चालीत म्हणतो." त्यांचा प्रश्न तिथंच मिटला.

शेवटी तिकीटच काढून टाकलं आणि प्रवेश मोफत ठेवला. मोबाईलवरचे ट्रॅकही बंद केले, कारण ध्वनिमुद्रणाचे हक्क आणखी वेगळे, आणि ही सूट सादर करणाऱ्यांसाठी आहे. त्यामुळे जे काही झालं ते हातानं आणि गळ्यानं, आणि माझ्या मते आजवरच्या कार्यक्रमांपेक्षा झकास झालं. ट्रॅकवर गायची सवय असलेला पोरगा कडवं संपलं की पेटीकडे बघायला शिकला. पलीकडे दुसऱ्या पाळीची भट्टी चालू होती. तिची घरघर बाईंच्या षड्जाच्या जरा खालीच लागत होती, त्यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा आवाज वाढवून तिच्यावर मात केली. ऐन रंगात माझ्या पेटीचा मधला कोमल गंधार दाबला की वर येईना. फौंड्रीची वाळू कुठंही शिरते. बाई आलाप घेत होत्या तेवढ्यात बारीक फटी मोजायच्या फीलर गेजचं पातळ पान फटीत घालून तो मोकळा केला. स्टोअरकीपर असल्याचा असाही फायदा.

पैशाचं मात्र मनासारखं झालं नाही. आम्हीच डबा फिरवायचा तर धर्मादाय आयुक्तालयाचे नियम आडवे येतात, म्हणून ट्रस्टची माणसं स्वतःचं पावतीपुस्तक घेऊन दाराशी बसली होती. लोकांनी दिलं, नाही असं नाही. पण शंभराच्या तिकिटाला नाही न म्हणणारा माणूस मोकळ्या दारातून जाताना वीसची नोट काढतो. शेड भरलेली असून तिकीट विकून आली असती त्यापेक्षा बरीच कमी रक्कम जमली. आमची कंपनी काही सीएसआर (मोठ्या कंपन्यांनी समाजकामावर करायचा सक्तीचा खर्च) लागू होण्याइतकी मोठी नाही, चहा-वडा तिनं दिला तेवढंच. उरलेली तूट कोण भरणार?

म्हणून मागणी एवढीच की, कलम ५२ मधल्या त्या सवलतीत धार्मिक संस्थेच्या शेजारी 'नोंदणीकृत धर्मादाय संस्था' हे शब्द यावेत. गैरफायदा घेतला जाईल अशी भीती असेल तर अटी घाला. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी मानधन घ्यायचं नाही, जमाखर्च ट्रस्टनं जाहीर करायचा, तिकीट जीएसटीसारखंच ५०० च्या आत. वसाहतीतल्या कारखान्यांत, बँकांत, एसटीच्या डेपोत, शाळांच्या स्टाफरूममध्ये गाणारे-वाजवणारे लोक आहेत, आणि प्रत्येक तालुक्यात पैशाअभावी अडलेला एखादा दवाखाना आहेच.

कायदा केंद्राचा आहे, म्हणून आमच्या जिल्ह्यातल्या कोल्हापूर आणि हातकणंगले या दोन्ही मतदारसंघांच्या खासदारांना या पत्राची प्रत पाठवत आहे.

आपला,
फौंड्रीतला एक पेटीवाला
शिरोली, जि. कोल्हापूर