शनिवारी स्कूटर जाणार

प्रिय आई, बाबा,
सा. न.

बाबा, आधी चहा संपवा. आई, पत्र तूच मोठ्याने वाच, नाहीतर त्यांचा चष्मा शोधण्यात सकाळ जायची.

शनिवारी गॅरेजवाला येऊन स्कूटर घेऊन जाईल. व्यवहार ठरलाय, कागद दादाकडे आहेत, त्यावर तुमची सही तेवढी लागेल. ती मुकाट्याने करा. तुम्हाला न विचारता ठरवलं हे चुकलंच. पण विचारलं असतं तर "गणपतीनंतर बघू" म्हणाला असतात, आणि गणपतीनंतर दिवाळी असतेच. शिवाय तुमच्या गुडघ्याला पडलेले टाके पायरीवरून पडल्याचे नव्हते, हे आईला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मलाही.

हे ठरवल्यापासून मला नीट झोप नाही. काल रात्री शेवटी 'छोटी सी बात' लावला. तुमचा सिनेमा. लहानपणी तो इतक्यांदा बघितलाय की अमोल पालेकर आपले कुणीतरी लागतात असं मला वाटायचं. बाबा, तुम्ही नेहमी सांगायचात, "मी अगदी पालेकरच्या त्या अरुणसारखा, तुझ्या आईशी बोलायला धीरच व्हायचा नाही." आई काही न बोलता शेंगा सोलत हसायची. का हसायची ते काल कळलं. तुम्ही अरुण नव्हतातच कधी. तुम्ही नागेश!

रागावू नका, ऐका. अरुण गुणी आहे, पण बसस्टॉपवर उभं राहून विद्या सिन्हाच्या प्रभाकडे बघण्यापलीकडे तो करतो काय? असरानीचा नागेश ती पिवळी स्कूटर घेऊन आला नसता तर अरुण अजून तिथेच उभा असता. नागेश प्रभाला मागे बसवून निघून जातो, टेबल टेनिसमध्ये अरुणला धुतो, वर त्याच्या गळ्यात खटारा मोटरसायकल पडते त्यातही याचा हात. तरी माणूस आवडतो, कारण तो दुष्ट नाही, नुसता आगाऊ आहे. दुसऱ्या कुणी त्याचा खलनायक केला असता नाहीतर विदूषक. १९७५ साली 'शोले'त जेलर होऊन एवढा आरडाओरडा करणारा हाच नट १९७६ च्या या सिनेमात नुसत्या ऐटीवर अख्खा खेळ सांभाळतो. खंडाळ्याला जाऊन अशोककुमारकडून अरुण धीट व्हायला शिकतो, ती सगळी गंमत खरीच. पण शिकून होतो कोण? थोडासा नागेशच की!

आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये असरानी गेले, त्या संध्याकाळी फोनवर तुम्ही "जेवलीस का" एवढंच विचारलंत. अरुणने असं केलं नसतं.

ती स्कूटर मला काय आहे हे तुम्हाला सांगायला नको. पुढे मी उभी, मागे आई एका बाजूला बसलेली, तिच्या मांडीवर दादा. किक मारण्याआधी तुम्ही ती तिरकी करायचात, तेव्हा दर वेळी मला वाटायचं आता पडलो. पुढच्या पत्र्याचा रंग माझ्या शाळेच्या बुटांनी उडालाय. तुम्ही तो कधी रंगवून घेतला नाहीत. गॅरेजवाल्याने त्यावरून भाव पाडला. पाडू दे.

आता नीट ऐका. रिक्षावाले काका रोज साडेनऊला फाटकापाशी येतील. वाचनालय, भाजी, बँक, जिथे म्हणाल तिथे नेतील आणि थांबतील. पैसे मी महिन्याचे देते, वर तुम्ही काही द्यायचं नाही. मागे बसायचं, त्यांच्या शेजारी नाही. बीपीची गोळी आठवणीने. आई, तूही जात जा बरोबर, गुडघ्याला तेवढाच आराम. आत्याकडे जायचं असेल तर आदल्या दिवशी सांगितलं की झालं. तुम्हाला घरात बसवायचं नाहीये हो बाबा, फक्त हँडल दुसऱ्याच्या हातात द्यायचंय.

लाल दोऱ्याची दुसरी किल्ली गॅरेजवाल्याला देऊ नका. ती मला हवीय.

दिवाळीला येतेय. तेव्हा सिनेमा पुन्हा लावू, आणि आई, लग्न तू कुणाशी केलंस, अरुणशी की नागेशशी, ते तेव्हा त्यांच्यासमोर सांगायचं.

तुमची,
चिमी

ता. क. शेवटची एक चक्कर वगैरे काही नाही. गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा नाही.