जुनं केमिकल खरवडण्याची मजुरी वेगळी धरा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दिवाळी आणि लग्नसराई जवळ आली की घराघरांत फरशी बदलायची कामं निघतात. दर ठरतो तो 'जुनी काढून नवी बसवणे' असा एकत्र. कोब्याला चिकटून राहिलेलं जुनं केमिकल (टाइल ॲडहेसिव्ह) काढायची मजुरी त्यात कुणी धरत नाही. मग ते वरवर खरवडून त्यावरच नवं ओढलं जातं. जुना थर सुटला की नवी फरशीही त्याच्याबरोबर सुटते. लातूर-नांदेडच्या मे महिन्यात गच्चीवरची फरशी तापून फुगते आणि सांध्यांत जागा ठेवलेली नसेल तर दोन-दोन फरश्या कौलासारख्या उभ्या राहतात.

ब्रेकरची (फोडायच्या मशीनची) चपटी छन्नी आडवी धरली तर थर पापुद्र्यासारखा निघतो. उभी धरली की कोब्याला खड्डे पडतात. उरलेल्यासाठी ग्राइंडरला डायमंड कप व्हील (हिऱ्याचे कण बसवलेलं वाटीसारखं चाक) लावून हात सतत फिरता ठेवावा, एका जागी थांबला की बशी पडते. रबरासारखं केमिकल गरम होऊन चाकाला बसतं, मग चाक कापत नाही, नुसतं घासतं. अशा वेळी जोर लावू नये. सिमेंटच्या विटेवर ते थोडं फिरवलं की हिरे पुन्हा उघडे पडतात.

शेवटी कोब्यावर ठिकठिकाणी पाण्याचे थेंब टाकून पाहावेत. काही मिनिटांत जिरले तर ठीक. मण्यासारखे तसेच राहिले तर थर अजून आहे.

ॲसिड ओतण्याचा सल्ला कृपया कुणी मानू नये. ते केमिकलमधलं पॉलिमर सोडवत नाही, उलट कोब्यातलं सिमेंट खातं आणि पृष्ठभाग भुसभुशीत करतं. बंद खोलीत त्याच्या वाफा छातीत जातात, ते वेगळंच.

धुळीकडे तर फारच दुर्लक्ष होतं. त्यात सिलिका (वाळू-सिमेंटातली बारीक भुकटी) असते. तिने होणारा सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार बरा होत नाही, आणि तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवत नाही. ग्राइंडरला झाकण आणि बारीक धूळ ओढणारं व्हॅक्यूम हवं, शिवाय तोंडाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क. पाणी मारून घासायचं तर त्यासाठीचंच मशीन घ्यावं आणि विजेच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचं ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असावं. विनाइलच्या चादरीखाली काळा डांबरी थर निघाला तर ग्राइंडर लावूच नये, जुन्या मालात ॲस्बेस्टॉस असू शकतं.

घासलेला राडा मोरीत सोडू नका, तो पाइपात बसून राहतो. टबात रात्रभर ठेवला की गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी दुसऱ्या दिवशी पुन्हा घासायला चालतं.

– फरशीकाम करणारे कारागीर, लातूर