हळदीचा रंग नव्हे, शिसे तपासा

संपादक महोदय,

बाजार समितीच्या सौद्यात (लिलावात) हळकुंडाला भाव मिळतो तो रंग, चकाकी आणि आकार पाहून. लेड क्रोमेटची भेसळ शिरते ती याच लोभापायी. हे शिसेयुक्त पिवळे रंगद्रव्य सहसा हळकुंडे घासून चमकवण्याच्या पॉलिशच्या ड्रममध्ये टाकले जाते. भिजलेले, काळपट, किडके हळकुंडही त्याने एकसारखे पिवळेधमक दिसते. दळल्यावर तर माग काढणेच अवघड.

हळद ग्लासभर पाण्यात टाकून रंग पाहण्याची घरोघरी सांगितली जाणारी चाचणी इथे पुरी पडत नाही. पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग तिच्यात उघडा पडतो. लेड क्रोमेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि जड असल्याने हळदीबरोबर तळाशी बसते. अख्ख्या हळकुंडावरचा लेप मात्र पाण्यात टाकताच सुटू शकतो. फोडणीने किंवा उकळण्याने शिसे जात नाही.

हळदीत किलोला १० मिलिग्रॅम शिसे आपल्याकडे कायद्याला चालते. अशी अर्धा ग्रॅम हळद खाणाऱ्या मुलाच्या पोटात ५ मायक्रोग्रॅम शिसे जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा मुलांसाठीचा संदर्भ-आकडा मात्र सर्व अन्न मिळून दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम आहे. मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शिसे शोषते, लोह-कॅल्शियम कमी असेल तर आणखी. परिणाम होतो तो थेट वाढत्या मेंदूवर. आमच्या मते आपली १० मिलिग्रॅमची मर्यादा फार सैल आहे.

बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे आढळले होते. छापे, दंड आणि जनजागृतीनंतर २०२१ मध्ये ते प्रमाण शून्यावर आले. क्ष-किरणांनी धातू ओळखणारे, हातात धरायचे एक्सआरएफ यंत्र काही मिनिटांत शिसे दाखवते. सांगलीच्या हळदीला २०१८ पासून भौगोलिक मानांकन आहे. ते नाव राखायचे तर बाजार समितीने सौद्याआधी निदान काही लॉट या यंत्राखाली घ्यावेत, संशयास्पद लॉट प्रयोगशाळेत पाठवावेत आणि निकाल यार्डात लावावेत.

ग्राहकांनी पॉलिश न केलेले, खडबडीत, फिकट हळकुंड घेऊन दळून आणावे. गिरणीत आधीच्या दळणाचा अंश राहतो, म्हणून पहिली मूठभर पूड बाजूला काढावी. पूडच घ्यायची असेल तर सुटी नको; १४ अंकी परवाना क्रमांक व बॅच क्रमांक असलेले पाकीट घ्या आणि बिल जपा. शंका असल्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ च्या कलम ४० नुसार शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. त्यासाठी खरेदी करतानाच दुकानदाराला तसे सांगावे लागते.

– अन्नतपासणीचे काम करणारे वाचक, सांगली