दत्ता, मी रत्नागिरीत येऊन गेलो

सोलापूर,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय दत्ता,

आधी कबूल करतो, मग बाकीचं. गेल्या पंधरवड्यात अण्णांना घेऊन मी तुझ्या गावात तीन दिवस होतो. मांडवीजवळ लॉजवर उतरलो. पहिल्याच संध्याकाळी अण्णांनी विचारलं, "दत्ता इथंच असतो न्हवं?" मी म्हणालो, "तो पुण्याला गेलाय, लग्नाला." कुणाचं लग्न ते त्यांनी विचारलं नाही. तेव्हापासून ते खोटं माझ्या मानेवर बसलंय.

तब्येत ठीक. साखर थोडी वाढली होती, गोळ्या चालू आहेत. सुमन बरी आहे.

खोटं का बोललो ते सांगतो. आपले चारही माग विकले, दत्ता. चार वर्षं होतील. भंगारवाल्यानं वजनावर नेले. तुला कळवलं नाही. तू समोर आला असतास तर चहा यायच्या आधी मागांची चौकशी केली असतीस, आणि तीही अण्णांच्या देखत. तुटलेला दोरा एका बोटानं गाठायला त्यांनी तुला शिकवलं होतं, मला ते कधीच नीट जमलं नाही. तुझ्या चेहऱ्याकडे बघायची माझी तयारी नव्हती.

माग गेले तशी अण्णांची झोप गेली. रात्री अडीच-तीनला उठतात, दार उघडून सिद्धेश्वराच्या तळ्यावर जाऊन बसतात. मी चप्पल घालून मागं धावतो. डॉक्टर म्हणाले वयानं होतं, एक गोळी दिली, तिनं दिवसा गुंगी येते आणि रात्री डोळे टक्क उघडे. शेवटी सुमन म्हणाली, त्यांनी जन्मात समुद्र बघितला नाही, घेऊन जा एकदा. म्हणून निघालो.

मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, दिवसभर तोच रस्ता. आंबा घाट उतरल्यावर लाल माती लागली तसं अण्णा काचेला नाक लावून बसले. "रंग पक्का आहे," म्हणाले. जन्मभर सूत रंगवलेला माणूस, दुसरं काय म्हणणार!

तुझं गाव मी त्यांना मन लावून दाखवलं. टिळकांचं जन्मघर दाखवलं. पतितपावन मंदिरात त्यांनी १९३१ हे साल वाचलं आणि तिथंच थांबले. आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना जानेवारीत फाशी झाली तेच साल. "त्याच वर्षी हिकडं सगळ्या जातींना देवळाचं दार उघडलं," एवढंच बोलले आणि पायरीवर हात टेकवून नमस्कार केला. आरे-वारेच्या रस्त्यानं गणपतीपुळ्याला गेलो. तिथं अख्खा डोंगरच देव, म्हणून प्रदक्षिणा डोंगराला घालायची. किलोमीटरभराची वाट अण्णा अनवाणी चालले. मला दोनदा बसावं लागलं. जवळच मालगुंड, तिथं केशवसुतांचं घर आहे, पण गाडी मागवेपर्यंत संध्याकाळ झाली आणि ते राहून गेलं. तू शाळेत त्यांची कविता पाठ म्हणायचास, म्हणून फार वाईट वाटलं.

रत्नदुर्गावर भगवतीचं दर्शन घेऊन तटावर बसलो. तिन्ही बाजूंनी पाणी. आपल्या भुईकोटाला एका अंगानं तळं आहे त्याचं आपल्याला केवढं कौतुक, आठवतं? तू तर त्या तळ्याला बिनधास्त समुद्र म्हणायचास आणि गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यात बसून "जहाज आलं" असं ओरडायचास. आता खरा समुद्र तुझ्या खिडकीत आहे. आणि आईला मासे न खाण्याचं वचन देऊन गेलेला तू बांगड्यावर ताव मारतोस हे मला पक्कं ठाऊक आहे, तुझी बहीणच परवा बोलली.

तटावरून एका बाजूला पांढऱ्या वाळूचा किनारा, दुसरीकडं मांडवीची काळी वाळू. अण्णा म्हणाले, "ताणा पांढरा, बाणा काळा." बऱ्याच वर्षांनी त्यांच्या तोंडून मागावरचा शब्द ऐकला.

खरी गोष्ट थिबा राजवाड्यात घडली. मंडालेहून आणलेला राजा १८८६ पासून रत्नागिरीत अडकलेला. इंग्रजांनी त्याच्यासाठी हा वाडा बांधला १९१० मध्ये. तिथं सहा वर्षं राहून १९१६ ला तो गेला, पुन्हा ब्रह्मदेश दिसला नाही. मी हे सगळं अण्णांना सांगत होतो. लाकडी कोरीव काम, रंगीत काचा, खाली खाडी. अण्णा खिडकीपाशी उभे राहिले आणि मला विचारलं, "रात्री ह्याला झोप लागत असंल का रे?"

मला उत्तर देता आलं नाही.

त्या रात्री जाग आली तेव्हा दोन वाजून गेले होते. सवयीनं आधी दाराकडं बघितलं, कडी लावलेली. अण्णा भिंतीकडं तोंड करून घोरत होते. चार वर्षांत मी त्यांचं घोरणं ऐकलं नव्हतं. बाहेर लाटांचा आवाज, एक आली, एक गेली, परत आली. मी उठून बसलो आणि मला तुझं पहिलं पत्र आठवलं. "रवी, इथं रात्री मागघरात झोपल्यासारखं वाटतं," असं तू लिहिलं होतंस. मी त्यावर तुला काय लिहिलं ते तू विसरला नसशील. माग सोडून पळालेल्यानं मागाचं नाव काढू नये, असं लिहिलं होतं. त्यानंतर तू वर्षभर पत्र पाठवलं नाहीस. दत्ता, तू बरोबर होतास. मला ते कळायला अण्णांचं घोरणं ऐकावं लागलं.

सकाळी अण्णांनी स्वतःच सांगितलं. "लाट येती तवा धोटा जातो, परतती तवा धोटा येतो." मागावर दोरा घेऊन इकडून तिकडं धावणारा धोटा त्यांना लाटेत ऐकू आला होता. मग म्हणाले, "मला हितंच ठेव."

आता ही एकच गोष्ट माझ्या डोक्यात फिरते. ठेवू कसा? एकोणऐंशी वर्षांचा माणूस. ज्वारीची भाकरी नसेल तर जेवत नाही. गल्लीत काय म्हणतील, आधी माग विकले, आता बाप लांब नेऊन टाकला. पण इथं परत आल्यापासून ते पुन्हा तळ्यावर जातात, आणि परवा पहाटे मला म्हणाले, "ह्या पाण्याला आवाज नाही." मी फोनवर समुद्राचा आवाज भरून आणला होता, तो उशाशी लावून बघितला. दोन मिनिटं ऐकून त्यांनी फोन पालथा घातला. "ह्यात धोटा नाही."

माझं दुखणं खरं हे आहे की तो आवाज आमच्या घरात होता आणि मी तो वजनावर विकला. कर्ज होतं, सूत महागलं होतं, वीजबिल भरायला पैसे नव्हते, सगळं खरं. तरी विकताना अण्णांना नीट विचारलं नाही. ते नेहमीसारखे गप्प बसले आणि मी त्याला होकार समजलो.

अनुजाचं बारावीचं कसं झालं? वहिनींचा गुडघा? कलमांना यंदा मोहर चांगला धरला असं ऐकलं. हे सगळं सावकाश लिही.

आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. अण्णांना निदान पावसाळ्यापर्यंत, किनाऱ्याला लागून एखादी खोली मिळेल का? सुमन आणि मी आळीपाळीनं येऊन राहू. भाडं मी देईन, त्यावरून वाद घालू नकोस. की हा माझा वेडेपणा आहे? तुला अण्णा माझ्याइतकेच ठाऊक आहेत, म्हणून तुलाच विचारतोय. पुण्याच्या लग्नाचं खोटं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. तुझं पत्र आलं की ते हातात देऊन सांगेन.

आणि एक काम कर. एखाद्या रात्री दोनच्या सुमाराला मांडवीला जाऊन डोळे मिटून उभा राहा. मला दोनच माग चालल्यासारखे वाटले होते. अण्णा म्हणतात चार. तुझा कान आमच्यापेक्षा तयार आहे, ऐकून कळव.

तुझा,
रवी