खिडकीखालचा बाक

इंदूर, १२ डिसेंबर

प्रिय शालन,

"नव्या स्वयंपाकघराचे नुसते फोटो नकोत, नीट लिहून पाठव, पुढच्या वर्षी मलाही तेच करायचंय," म्हणालीस ना? तर लिहिते. पोहे झालेत, हे फिरायला गेलेत. तासभर तरी कुणी हाक मारणार नाही.

रामबागेतलं आमचं स्वयंपाकघर तू पाहिलंयस. चार पाट मांडून शिवाय एखादी बाई विळी घेऊन बसेल एवढी ऐसपैस जागा, पण भरदुपारी दिवा लावावा लागे. आता अन्नपूर्णा रोडला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट. स्वयंपाकघर दहा बाय सात. पत्ता अन्नपूर्णेचा आणि आत अंधार, हे काही चालणार नव्हतं.

इंटिरियरवाला मुलगा लॅपटॉप घेऊन आला. तिन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत कपाटं, आणि पूर्वेच्या खिडकीशी फ्रीज नि उभं कपाट. म्हणजे अर्धी खिडकी गेलीच! "आंटी, स्टोरेज भरपूर मिलेगा." म्हटलं, बाबा रे, सामानच ठेवायचं असतं तर घर लहान कशाला केलं असतं? फ्रीज दाराजवळ गेला. ओट्यावर कपाटांऐवजी दहा इंचांची एकच फळी, हात वर केला की पोचेल अशी. चहा, साखर, तिखट, पोह्यांवर भुरभुरायचा जिरावण मसाला. रोज लागतं ते एवढंच.

अर्थात त्याआधी भांडी काढावी लागली. माणसं दोन आणि पातेली सव्वीस! घंगाळ भाच्याला, पाटा-वरवंटा नणंदेला. पाटा रिक्षात चढवताना मी आतच थांबले, बाहेर आले नाही. पुरणयंत्र आणि मोठी परात मात्र दिली नाही. महालक्ष्म्या माझ्याकडेच असतात, आणि त्या काही दोन माणसांच्या स्वयंपाकावर भागवून घेत नाहीत. ती दोन्ही पलंगाच्या पेटीत आहेत.

ओट्याचं मात्र नीट ऐक. बिल्डरनं ३४ इंचांवर बांधलेला, आणि मी ही अशी बुटकी. पोळ्या लाटताना खांदे कानाशी. हात कोपरात वाकवून सरळ उभी राहा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोज, त्यातून चार-पाच इंच वजा कर. माझं साडेएकतीस आलं. तोडून नवा केला. चार दिवस धूळ, आणि ह्यांची कुरकुर त्याहून जास्त दिवस. वर पांढरा संगमरवर मला फार हवा होता, पण त्यावर लिंबू-चिंच सांडली की चकाकी जाते आणि हळदीचा डाग जन्माचा राहतो. म्हणून फिकट राखाडी ग्रॅनाइट. काळा घेऊ नकोस, उजेड गिळतो. भिंतीच्या टाइल्स साध्या, दुधी.

दिव्यात मी फसले. दुकानदारानं हौसेनं पिवळे दिवे दिले, एखाद्या हॉटेलासारखे. फोडणी लाल झाली की करपली, कळेना! शिवाय दिवा छताच्या मध्यावर, त्यामुळे ओट्याकडे तोंड केलं की आपलीच सावली चिरायच्या भाजीवर. आता फळीच्या पुढच्या कडेखाली एलईडीची पट्टी लावलीय. ४००० केल्विनची घे, म्हणजे उजेड फार पिवळाही नाही नि निळसरही नाही, आणि खोक्यावर सीआरआय ९० लिहिलंय का ते बघ. रंग किती खरे दिसतात, त्याचा तो आकडा. कोथिंबीर हिरवी दिसते, हळद पिवळी. शेगडी खिडकीपासून लांब ठेव, वाऱ्यानं ज्योत फडफडते. खिडकीच्या बाजूला सिंक.

पाइपचा गॅस असल्यानं सिलिंडरची जागा सुटली. तिथे कचऱ्याचे डबे, ओला-सुका वेगळा. इंदुरात सकाळी गाडी येते तेव्हा डबे हाताशी नसले तर काय धावपळ होते, ते तुला पुण्यात बसून कळायचं नाही.

आणि खिडकीखाली, जिथे तो मुलगा कपाट ठेवणार होता, तिथे बाक केलाय. तीन फुटांचा, वर गादी, खाली पुढून जाळी लावून कांद्यांची जागा. त्याच्या मते ही 'वाया गेलेली जागा'. खरं सांगू, सगळ्या खर्चात मला हाच पटला. रामबागेत कुणी ना कुणी पाटावर बसलेलं असायचंच, आठवतं? तू स्वतः तिथे बसून शेंगदाणे खायचीस आणि सासूबाईंना वाटायचं, कूट कमी कसा झाला. फ्लॅटमध्ये आलेला माणूस सोफ्यावर जाऊन बसतो आणि आपण आत एकटे. आता समोरच्या वहिनी थेट बाकावरच येतात. हे तर काल तिथे ऊन खात पसाभर मटार सोलत होते. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. निम्मे तोंडात गेले, ते सोड.

संक्रांतीच्या आधी ये. गराडूचे कंद मिळायला लागलेत, तळून देते. आणि हो, तुझा पितळी खलबत्ता आवराआवरीत माझ्याकडेच सापडला. फळीवर छान दिसतोय, त्यामुळे परत मागू नकोस.

तुझी,
कुंदा