आमच्या पोरांना फायबर ओढण्याच्या टॉवरवर एक दिवस द्या

माननीय केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री महोदय,

स. न. वि. वि.

मी महाराष्ट्रातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात ऑप्टिकल कम्युनिकेशन शिकवतो. आमच्यासारख्या कॉलेजांतून फोटॉनिक क्रिस्टल फायबरवर एम.टेक.चे प्रबंध निघत असतात. रक्तातली साखर मोजणारा सेन्सर, दुधातली भेसळ पकडणारा सेन्सर, म्हणाल ते. आकडे चार दशांश स्थळांपर्यंत. फायबर मात्र कुणी ओढलेलेच नसते, म्हणजे उंच टॉवरवरच्या भट्टीत काच तापवून तिची तार कुणी काढलेलीच नसते. सगळा कारभार सॉफ्टवेअरवर. पोरांना बोल लावण्यात अर्थ नाही. ओढणार कुठे?

या फायबरमध्ये केसाएवढ्या जाडीच्या काचेतून लांबीभर सूक्ष्म भोके जातात आणि त्यांची मांडणीच प्रकाशाला गाभ्यात धरून ठेवते. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या फिलिप रसेल यांच्या गटाने १९९६ मध्ये हे करून दाखवले. पुढे अशाच फायबरमधून एका रंगाच्या लेझर-प्रकाशाचा अनेक रंगांचा रुंद पट्टा करता आला. प्रकाशाची वारंवारता अचूक मोजण्याचे तंत्र त्यामुळे सोपे झाले आणि त्या तंत्रासाठी जॉन हॉल आणि थिओडोर हेन्श या शास्त्रज्ञांना २००५ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

बनवण्याची पद्धत मात्र अजून हातकामाचीच आहे. साधारण मिलिमीटरभर जाडीच्या काचेच्या नळ्या षटकोनी रचायच्या, मधली काढून तिथे भरीव कांडी ठेवायची, सगळी मोळी मोठ्या नळीत घालायची आणि दोन हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या भट्टीतून खाली ओढायची. स्क्रीनवरचे गणित फसते ते इथे. मऊ झालेली काच पृष्ठताणाने भोके मिटवू पाहते. आत हवेचा दाब कमी पडला तर ती बुजतात, जास्त झाला तर फुगून शेजारच्यांना रेटतात. प्रबंधातल्या चौकोनी भोकांचे कोपरे भट्टीत गोल होऊ लागतात, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी पुन्हा तसले डिझाइन काढणार नाही.

छत्रपती संभाजीनगरजवळ टेलिकॉम फायबरचे मोठे कारखाने आहेत, पण चालू उत्पादन थांबवून ते आमच्यासाठी नळ्यांची मोळी का लावतील? कोलकात्याची केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था मात्र सीएसआयआरची (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची), म्हणजे आपल्याच अखत्यारीतली. टॉवर तिथे आहे, असे फायबर ओढणारी माणसेही आहेत.

असे इलेक्ट्रॉनिक्समध्ये आधी झालेही आहे. आयआयटी मुंबईची नॅनोइलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळा बाहेरच्या संशोधकांना २००८ पासून खुली झाली. विद्यार्थ्यांनी काढलेल्या चिपा मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबमध्ये घडवून मिळतात. दोन्ही योजना इलेक्ट्रॉनिक्स खात्याच्या. ही कल्पना आपण उचलायला त्या खात्याची आडकाठी नसावी.

मागणी एवढीच: वर्षातून दोनदा देशभरातून डिझाइन मागवा. त्यांतली ओढण्याजोगी मोजकी निवडा. प्रवास आणि काचेचा खर्च संशोधनाला निधी देणाऱ्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने द्यावा. राज्य विद्यापीठांत संशोधन रुजवणे हे त्याचे जाहीर उद्दिष्टच आहे. नळ्या विद्यार्थ्याने स्वतः रचाव्यात. जाताना काही मीटर फायबर आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली काढलेला त्याच्या छेदाचा फोटो सोबत द्यावा. आणि फसलेल्या ओढींच्या नोंदीही सगळ्यांना पाहता येतील अशा ठेवाव्यात, नाहीतर तीच भोके पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजातून येतील.

कळावे,

आपला विश्वासू,
अणुविद्युत व दूरसंचार विभागातील एक प्राध्यापक